फुफ्फुसाच्या फायब्रोसिसवर चिनी औषधं चालतात का?

तुमच्या वडिलांना आयपीएफ (नेमकं कारण न सापडणारा फुफ्फुसाचा फायब्रोसिस) आहे आणि त्यावर चिनी काढा द्यावा का, असं तुम्ही विचारलंत. फायब्रोसिस म्हणजे फुफ्फुसात जखमेच्या व्रणासारखा कडक डाग पडणं. थोडक्यात सांगायचं तर, तो डाग पुसून टाकणारं औषध चिनी पद्धतीतही नाही आणि अ‍ॅलोपथीतही नाही. पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब (दोन्ही 2014 ला अमेरिकेत मंजूर झाली) आजाराचा वेग फक्त कमी करतात, झालेलं नुकसान भरून काढत नाहीत.

चीनमध्ये हुआंगची, दानशेन वगैरे मुळ्यांचे काढे देतात आणि सिलिकोसिसला (दगडाची बारीक धूळ श्वासातून जाऊन होणारा फुफ्फुसाचा आजार) तर टेट्रँड्रिन नावाचं औषध वापरतात, ते हानफांगजी नावाच्या वेलीच्या मुळापासून काढलेलं, म्हणजे सगळंच थोतांड आहे असं मी म्हणणार नाही, पण सिलिकोसिस वेगळा आणि तुमच्या वडिलांचा आयपीएफ वेगळा.

आता खरी गंमत (गंमत कसली म्हणा). शो-सायको-तो हा जुन्या चिनी काढ्याचाच जपानी अवतार, तिकडे लिव्हरसाठी सर्रास द्यायचे, आणि त्यानेच काही पेशंटच्या फुफ्फुसाला सूज येऊन मृत्यू झाले, म्हणून 1996 ला जपान सरकारला तातडीचा इशारा द्यावा लागला. त्यामुळे 'नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही' हे डोक्यातून काढा. वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर दानशेन अजिबात नको, रक्त जास्तच पातळ होतं.

चालू गोळ्या बंद करू नका, आणि काढा द्यायचाच असेल तर पुडीवरचं नाव छातीच्या डॉक्टरांना आधी दाखवा.