लायसन्स डॅलसला कसं न्यायचं?

नमस्कार,

तुमचा प्रश्न एका ओळीचा आहे. न्यू जर्सीत चार वर्षं एसी-हीटिंगचं काम करणारा तुमचा २४ वर्षांचा मुलगा आता डॅलसला जायचं म्हणतोय, तर त्याचं लायसन्स टेक्सासला ट्रान्सफर होईल का? पण त्या ओळीच्या आधी दोन पानं आहेत आणि मला आधी त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. पुण्यातल्या नातेवाइकांना तुम्ही सांगितलंय की तो 'मेकॅनिकल करतोय'. कॉलेज त्याने एका वर्षात सोडलं, हे त्याच्या आजीला अजून माहीत नाही. दिवाळीच्या व्हिडिओ कॉलला तो कंपनीच्या नावाचा शर्ट घालून बसला, तर तुम्ही त्याला शर्ट बदलून यायला सांगितलंत. आणि शेवटी लिहिलंय, "ट्रान्सफर होणार नसेल तर बरंच, निदान आता तरी चार वर्षं डिग्रीला बसेल."

म्हणजे तुम्हाला माझ्याकडून 'नाही' हवंय. ते मी देणार नाही, कारण ते खरं नाही.

त्या शर्टाचं मला फार वाईट वाटलं. त्याने तो मुकाट्याने बदलला, असं तुम्ही लिहिलंय. भर जानेवारीत कुणाच्या घरची फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी, रात्री बंद पडते, घरात तान्हं मूल असतं, तेव्हा ते लोक ज्याची वाट बघतात तो माणूस त्याच शर्टात येतो. तुमची नोकरी गेली त्या पाच महिन्यांत घराचा हप्ता त्याच्या पगारातून गेला, हेही तुम्हीच लिहिलंय, पण कंसात. तो कंस काढून टाका. आजीला खरं सांगा, आणि तेही तो शेजारी बसलेला असताना. दोन पानांच्या पत्रात त्याचं स्वतःचं एकही वाक्य नाही. डॅलसच का, तिथे कोण आहे, पुढे स्वतःचा धंदा करायचाय का, हे तुम्ही त्याला विचारलंय असं मला दिसलं नाही.

आता लायसन्स. इथे तुमचा मोठा गैरसमज झालाय, आणि तो अनेकांचा होतो. मुलाच्या पाकिटात जे कार्ड आहे आणि ज्याला तुम्ही लायसन्स म्हणताय, ते 'ईपीए ६०८' प्रमाणपत्र आहे (ईपीए म्हणजे अमेरिकेचं पर्यावरण खातं), त्यातही 'युनिव्हर्सल', म्हणजे गाड्यांचे एसी सोडून सगळ्या प्रकारच्या यंत्रांसाठीचं. एसीतला गॅस हाताळायला ते लागतं. ते केंद्राच्या कायद्याखालचं आहे, पन्नासही राज्यांत चालतं आणि त्याची मुदत कधी संपत नाही. त्याचं ट्रान्सफर करायचंच नसतं, ते खिशात घालून जायचं. राज्याचं लायसन्स ही निराळी गोष्ट. न्यू जर्सीत ते 'मास्टर एचव्हीएसीआर (हीटिंग, व्हेंटिलेशन, एसी आणि रेफ्रिजरेशन) कॉन्ट्रॅक्टर'ला लागतं, म्हणजे तुमच्या मुलाच्या मालकाला. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलाकडे राज्याचं लायसन्स नाहीच, मग ते हरवणार कुठून? शिवाय हे नियम राज्यागणिक बदलतात. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात या कामाला राज्यपातळीवर लायसन्सच नाही, शहरं आपापलं बघतात. आपल्याकडे आयटीआयचं प्रमाणपत्र देशभर चालतं, पण वायरमनला परवाना राज्याचा लागतो, तशीच काहीशी ही गत आहे.

टेक्सासमध्ये हा कारभार टीडीएलआर या राज्याच्या खात्याकडे असतो. तिथे कामाला लागण्याआधी त्याने 'रजिस्टर्ड टेक्निशियन' म्हणून नाव नोंदवायचं. त्याला परीक्षा नाही. मग लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली काम सुरू करायचं. पुढे स्वतःचं कॉन्ट्रॅक्टर लायसन्स हवं असेल तर परीक्षा आहे, आणि त्या परीक्षेआधी अनुभवाची अट आहे: अर्जाच्या आधीच्या ७२ महिन्यांत लायसन्सधारक कॉन्ट्रॅक्टरच्या देखरेखीखाली किमान ४८ महिने काम.

ही अट नीट वाचा. तुमच्या मुलाने ४८ महिने काम केलंय. तो आज हातातलं काम सोडून चार वर्षं पूर्णवेळ डिग्रीला बसला, तर डिग्री संपेल त्या दिवशी मागच्या ७२ महिन्यांत त्याच्या खात्यावर २४ महिनेच उरतील. निम्मा अनुभव वाया. ज्या चार वर्षांना तुम्ही 'सुधारायची संधी' म्हणताय, ती त्याची कमाई पुसून टाकतील. त्यात हे क्षेत्र आत्ता बदलतंय. १ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत घरगुती वापराचे नवे एसी जुन्या आर-४१०ए गॅसवर बनत नाहीत. आर-३२ आणि आर-४५४बी आलेत, आणि हे थोडेसे पेट घेणारे गॅस असल्यामुळे कामाची पद्धतही बदलली आहे. नेमक्या याच वेळी त्याने हातातलं काम सोडावं, हे मला अजिबात पटत नाही.

त्याला स्वतःला शिकायचं असेल तर संध्याकाळचे कम्युनिटी कॉलेजचे वर्ग आहेत, 'नेट' नावाचं खासगी प्रमाणपत्र आहे (आपल्या प्राध्यापकीच्या नेटशी त्याचा संबंध नाही). त्याच्याकडे स्वतःचं ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे कामाच्या परवानगीची अडचण नाही.

अडचण येईल ती कागदांची, आणि तिथे तुम्ही खरंच उपयोगी पडाल. त्याने राजीनामा देण्याआधी मालकाकडून सही केलेलं पत्र घ्यावं: कधीपासून कधीपर्यंत काम केलं, कोणत्या यंत्रांवर केलं, कुणाच्या देखरेखीखाली, आणि त्या मास्टरचा लायसन्स नंबर. मालकाने धंदा बंद केला किंवा फोन उचलणं सोडलं, की हे पत्र मिळवताना नाकी नऊ येतात. सोबत चारही वर्षांचे डब्ल्यू-२ (मालकाने दिलेले पगाराचे आणि कापलेल्या कराचे वार्षिक दाखले) आणि ईपीए कार्डाची प्रत एका फाइलला लावा. फाइल तुम्ही करा. मला पुढचं पत्र मात्र त्याला लिहू दे, मराठी जमत नसेल तर इंग्रजीत.