खंबातच्या खोऱ्याखाली डोकावताना: नव्याने सुरुवात करणाऱ्याला

बडोद्यात राहून भूकंपलहरींवर काम करायचं ठरवलंस, याचा मनापासून आनंद झाला. खंबातचं खोरं म्हणजे खंड ताणला जाऊन खचलेला पट्टा आणि आपलं शहर त्याच्या पूर्व कडेजवळ.

आपल्याला दूरच्या भूकंपांच्या लहरींवरून इथल्या कवचाची, म्हणजे पृथ्वीच्या सर्वांत वरच्या खडकाळ थराची, जाडी काढायची आहे; या पद्धतीला रिसीव्हर फंक्शन म्हणतात. आधी भूकंप नीट निवड. ३० ते ९० अंश अंतरावरचे (हे अंतर पृथ्वीच्या केंद्रापाशी होणाऱ्या कोनात मोजतात), साधारण ५.५ मॅग्निट्यूडपेक्षा मोठे. जपान, इंडोनेशियाचे चालतील. नेपाळ, हिंदुकुश या पद्धतीला फार जवळ पडतात. दुरून आलेली पी लहर (सर्वांत वेगवान, आधी पोहोचणारी) कवचाच्या तळाशी, म्हणजे मोहोपाशी, पोहोचली की तिचा थोडा भाग एस लहरीत (आडवी हलवणाऱ्या लहरीत) बदलतो. एस हळू चालते, म्हणून मागून येते. कवच ३५-४० किलोमीटर जाड असेल तर सुमारे साडेचार सेकंदांनी. या उशिरावरून जाडी काढतात.

इथली खरी अडचण गाळाची. खोऱ्यात गाळाचे थर काही किलोमीटर जाड आहेत. त्यांत लहरी वरखाली आपटत राहतात आणि नेमक्या त्याच सेकंदांत नोंदीत खोटी शिखरं उभी करतात. पहिलं ठळक शिखर दिसलं की मोहो सापडला, असं कृपा करून लिहू नकोस. पावागडच्या बाजूला, बेसाल्टवर (लाव्हाच्या कठीण खडकावर) बसवलेल्या भूकंपमापन केंद्राची नोंद शेजारी ठेवून बघ. शिवाय उशीर जाडीवर ठरतो तसा पी आणि एसच्या वेगांच्या गुणोत्तरावरही. त्यामुळे मोहो आणि जमीन यांच्यात पुन्हा परावर्तित होऊन येणाऱ्या लहरीही मोजाव्याच लागतात.

प्रावरणाचं (कवचाखालच्या थराचं) तापमान वगैरे नंतर. आधी एकाच केंद्राच्या नोंदी, प्रत्येक दिशेच्या वेगळ्या, स्वतः डोळ्यांनी तपास.