‘स्टे पुट’च्या उलट काय लिहावे?

ठाण्याच्या नौपाड्यातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सचिवबाईंनी विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांची जुनी इमारत महापालिकेच्या वर्गवारीत सी-२ बी, म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करता येण्याजोगी, ठरली. दुरुस्तीच्या काळात नऊ कुटुंबांनी घरातच राहायचे ठरवले. तीन कुटुंबे धूळ आणि हातोड्यांचा आवाज सोसवणार नाही म्हणून तात्पुरती भाड्याच्या घरात गेली. सल्लागाराकडे इंग्रजीत पाठवायच्या इतिवृत्तात पहिल्या नऊ कुटुंबांसाठी ‘स्टे पुट’ हा शब्दप्रयोग वापरला गेला आणि उरलेल्या तिघांसाठी त्याचा विरुद्धार्थी शब्द शोधताना कोशातला ‘डीकॅम्प’ उचलला गेला. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचले गेले तेव्हा त्या तिघांपैकी एका आजोबांनी उभे राहून विचारले, ‘आम्ही काय चोर आहोत का?’ शब्द खरोखरच चुकला का आणि चुकला असल्यास योग्य शब्द कोणता, असे सचिवबाईंचे विचारणे आहे.

आजोबांचा राग रास्त आहे. ‘डीकॅम्प’ हा शब्द फ्रेंचमधून आला आणि मुळात त्याचा अर्थ सैन्याने तळ उठवणे एवढाच होता. परंतु आजच्या इंग्रजीत त्याला घाईने, गुपचूप, कोणाला न सांगता निघून जाण्याची छटा चिकटलेली आहे. आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत तर हे क्रियापद बहुधा चोरीच्या बातमीतच भेटते. जिथे मराठी बातमीदार ‘दागिने आणि रोकड घेऊन चोरटे पसार झाले’ असे लिहितो, तिथे इंग्रजी बातमीत हमखास ‘डीकॅम्प्ड’ असते. ज्यांनी रोज सकाळी ते वर्तमानपत्र वाचले आहे, त्यांना स्वतःच्या नावापुढे हा शब्द पाहून बोचणारच.

आता मूळ शब्दप्रयोगाकडे पाहू. ‘स्टे पुट’ ही अमेरिकन इंग्रजीची देणगी असून ती एकोणिसाव्या शतकातली आहे. त्यातले ‘पुट’ हे भूतकालवाचक धातुसाधित आहे, म्हणजे ‘ठेवलेला’. जिथे ठेवले तिथेच राहा, असा त्याचा अक्षरशः अर्थ. एखाद्याला नुसते ‘राहा’ म्हणणे आणि ‘स्टे पुट’ म्हणणे यांत फरक आहे, कारण हलण्याचे काहीतरी कारण किंवा मोह समोर असताना न हलणे हे दुसऱ्यात गृहीत धरलेले असते. मराठीत याच्या सर्वांत जवळ ‘ठाण मांडणे’ येते, जरी त्यात हट्टाचा अंश थोडा जास्त आहे. हे ‘ठाण’ संस्कृत ‘स्थान’ या शब्दापासूनचे. आपल्या ठाणे शहराचे नावही त्याच कुळातले आहे, आणि शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत ते ‘श्रीस्थानक’ असे येते.

न हलण्यामागची परिस्थिती जशी बदलेल तसा विरुद्धार्थी शब्दही बदलतो, म्हणून एका शब्दाला एकच प्रतिशब्द अशी जोडी इथे जमत नाही. अर्थाच्या दृष्टीने सर्वांत नेमका विरोधी शब्द ‘बज’ हा आहे, पण तो या कामाला निरुपयोगी आहे, आणि त्याचे कारण मला फार मोलाचे वाटते. ‘बज’ म्हणजे जागचे जरासे हलणे. हे क्रियापद नकाराशिवाय सहसा येतच नाही. ‘ही वुडन्ट बज’ म्हणजे तो जागचा हलेना, हे वाक्य कोणीही बोलेल, परंतु ‘ही बज्ड’ असे सरळ होकारार्थी वाक्य कानाला अपुरे वाटते. आपल्या ‘तसूभर’ची गोष्ट अगदी अशीच आहे. तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग, इंचाहून किंचित मोठा. ‘तो तसूभरही हलला नाही’ हे वाक्य आपण सर्रास बोलतो. ‘तो तसूभर हलला’ असे मात्र कोणी म्हणत नाही. इंग्रज ‘डिडन्ट बज ॲन इंच’ म्हणतो तेव्हा त्याच्या आणि आपल्या भाषेने एकमेकींना न विचारता एकच नियम पाळलेला असतो. परिणामी ‘बज’ला नकार जोडला की ‘स्टे पुट’चाच अर्थ उरतो आणि नकार काढला की वाक्य उभेच राहत नाही.

शब्दांचे दुसरे कुटुंब बिऱ्हाड हलवण्याचे आहे. ब्रिटिश इंग्रजीत ‘अप स्टिक्स’ म्हणतात, अमेरिकेत ‘पुल अप स्टेक्स’, म्हणजे रोवलेले खुंट उपटणे. दोन्हींत जुन्या जागेशी असलेला संबंध तोडून कायमचे जाणे आहे. आपले ‘गाशा गुंडाळणे’ याच्या शेजारी ठेवता येते. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचे कापड, ते गुंडाळले की मुक्काम संपला. मात्र मराठीत या प्रयोगाला अपयशाची छाया आहे. दुकान बसले, की गाशा गुंडाळला. तीन महिन्यांसाठी कोपरीला भाड्याने गेलेल्या माणसाला हे दोन्ही शब्द लावणे अन्यायाचे होईल.

‘इव्हॅक्युएट’, म्हणजे जागा रिकामी करणे, हा शब्द संकटाचा आहे, आणि तिथे विरुद्धार्थ जीवनमरणाचा ठरतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीला १४ जून २०१७ रोजी रात्री एकच्या सुमारास आग लागली, तेव्हा रहिवाशांना दिलेली सूचना ‘स्टे पुट’ हीच होती, कारण आग एकाच घरात कोंडून राहील असे त्या धोरणात गृहीत होते. ती सूचना २ वाजून ४७ मिनिटांनी मागे घेण्यात आली. तोवर बराच उशीर झाला होता आणि ७२ माणसे मृत्युमुखी पडली. घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारतींत राहणाऱ्यांनी तरी हे दोन शब्दप्रयोग वेगवेगळे ओळखून ठेवावेत, असे मला मनापासून वाटते. सी-२ बी इमारतीच्या इतिवृत्तात मात्र ‘इव्हॅक्युएट’ लिहू नये. महापालिकेने इमारत रिकामी करायला लावली, असा वाचणाऱ्याचा समज होईल.

‘शिफ्ट’ आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की ‘आम्ही ठाण्याला शिफ्ट झालो’ हे मराठी वाक्यच झाले आहे. इथल्या सल्लागाराला ‘शिफ्टेड’ सहज कळेल. इंग्लंडमधला वाचक घर बदलण्यासाठी ‘मूव्ह’ म्हणेल. ‘रिलोकेट’ कचेरीच्या भाषेतला असून तोही बहुधा कायमच्या बदलीचा आहे.

म्हणून सचिवबाईंनी ‘नाइन फॅमिलीज स्टेड पुट, थ्री मूव्ह्ड आउट फॉर द ड्युरेशन ऑफ द रिपेअर्स’ असे लिहावे. ‘मूव्ह आउट’मध्ये ना पळ काढणे आहे, ना कायमचा निरोप, आणि त्याच्या जोडीला ‘मूव्ह बॅक इन’ हा परतीचा प्रयोगही तयार आहे. दुरुस्ती संपून आजोबांचे सामान पुन्हा दुसऱ्या मजल्यावर चढेल, त्या दिवशीच्या इतिवृत्तात तो लागेलच.