घराचा व्यवहार आणि आपला वकील : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ठाण्यात पुनर्विक्रीचा फ्लॅट घेतो आहोत. एजंट म्हणतो, 'आमचे वकील दोन्ही बाजूंचं सगळं करतात, तुम्हाला वेगळा खर्च नको.' शिवाय कर्ज देणारी बँकही मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध घेणारच आहे. मग स्वतःचा वकील कशासाठी?

एजंटचे वकील कागद नीट करतीलही, पण सल्ला कोणाला देतील? व्यवहार झाला तरच एजंटची दलाली सुटते, आणि त्या वकिलाकडे कामं त्याच एजंटकडून येतात. अशा माणसाकडून 'हा फ्लॅट घेऊ नका' हे वाक्य ऐकायला मिळणं अवघड. करारनाम्यात घेणारा आणि देणारा यांची हितं समोरासमोर येतात अशा जागाही बऱ्याच असतात. बँकेचा धनादेश उशिरा निघाला तर व्याज कोणी सोसायचं? व्यवहार मोडला तर टोकन परत मिळणार की बुडणार? सोसायटीची थकबाकी आणि ट्रान्सफर फी कोणाकडे? विक्रेत्याचा एखादा वारस उद्या उभा राहिला तर नुकसानभरपाई कोण देणार? या कलमांत दोघांसाठी एकच वकील म्हणजे कोणाचाच नाही.

बँकेच्या वकिलाचा अहवाल बँकेच्या नावाने असतो. दिलेलं कर्ज सुरक्षित आहे का, एवढाच त्याचा प्रश्न. पार्किंग कागदावर तुमचं आहे का, ताबा कोणत्या तारखेला मिळेल, हे तो बघत नाही. आणि त्याचा अहवाल यायच्या आत तुम्ही बहुधा टोकन देऊन बसलेले असता.

म्हणून वकील टोकनच्या आधी गाठा. टोकन द्यायचंच असेल तर पावतीवर एक वाक्य हवं : हक्क निर्वेध, म्हणजे दावा-बोजामुक्त, नसल्याचं आढळल्यास अमुक दिवसांत पूर्ण रक्कम परत. बिल्डरकडून महारेरात (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणात) नोंदलेल्या प्रकल्पात घर घेत असाल, तर करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम तो घेऊच शकत नाही. दोन व्यक्तींमधल्या पुनर्विक्रीला हे संरक्षण नाही. तिथे पावतीवरचं वाक्यच कामाला येतं.

प्रश्न : घर मुंबईत घ्यायचं तर 'सॉलिसिटर'च हवा असं नातेवाईक सांगतात. खरं का?

नाही. द बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा उत्तीर्ण झालेला वकील सॉलिसिटर म्हणवतो. त्या तयारीत हस्तांतरणाच्या दस्तांवर भर असतो, त्यामुळे ही पदवी जमेची बाजू. पण कायद्याच्या दृष्टीने तोही ॲडव्होकेटच, आणि सोसायटीतल्या साध्या फ्लॅटसाठी मालमत्तेचंच काम करणारा वकील पुरेसा असतो. ट्रस्टची जागा, पागडीची (एकरकमी पैसे देऊन राहणाऱ्या जुन्या भाडेकरूंची) इमारत, पुनर्विकासात अडकलेली सोसायटी असं काही असेल तर सॉलिसिटर फर्मचा खर्च सार्थकी लागतो.

प्रश्न : मावसभाऊ नागपूरला वकील आहे, तो फुकट करून देईल. घर पनवेलजवळ घेतो आहोत. तरीही तिथलाच वकील हवा का?

मावसभावाला मसुदा जरूर वाचायला द्या, चार डोळे केव्हाही बरे. शोधाचं काम मात्र तिथल्याच माणसाला द्या. नवी मुंबई परिसरात सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) बऱ्याच जमिनी भाडेपट्ट्याच्या आहेत आणि हस्तांतराला सिडकोची परवानगी व शुल्क लागतं. साडेबारा टक्के योजनेतल्या (जमीन संपादित झालेल्यांना मोबदल्यात दिलेल्या) भूखंडावरची इमारत असेल तर मूळ प्रकल्पग्रस्ताच्या सगळ्या वारसांच्या सह्या झाल्या आहेत का, तिथपर्यंत मागे जावं लागतं. गावठाणातलं घर असेल तर कागदांची जात आणखी वेगळी. हे प्रश्न त्या भागात रोज काम करणाऱ्याला आपोआप सुचतात. पुण्याच्या कडेला तसेच प्रश्न गुंठेवारीचे (मंजुरीविना पाडून विकलेल्या छोट्या तुकड्यांचे), मुंबईत म्हाडा आणि उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींचे. जमीन भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली) असेल तर विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. सातबाऱ्यावर ती नोंद समोर असूनही नवख्याच्या नजरेतून निसटते.

'स्थानिक' म्हणजे घराशेजारी ऑफिस असलेला नव्हे. घर ज्या दुय्यम निबंधक (दस्त नोंदणी) कार्यालयाच्या हद्दीत येतं, तिथे नियमित जाणारा.

प्रश्न : पहिल्या भेटीत वकिलाला काय विचारावं? फी किती ठरवावी?

त्याआधी एक गोष्ट. वकिलांना जाहिरात करायला वकील परिषदेच्या नियमांनी बंदी आहे, तेव्हा 'नंबर वन प्रॉपर्टी लॉयर' असे फलक पाहून जाऊ नका. त्याच इमारतीत किंवा शेजारच्या सोसायटीत गेल्या दोन-तीन वर्षांत घर घेतलेल्यांना विचारा. त्यांच्या वकिलाने ती जमीन आधीच पाहिलेली असते. सोसायटीचे सचिवही नाव सुचवतात, पण तो सोसायटीचा नेहमीचा वकील असेल आणि विक्रेत्याचं सोसायटीशी भांडण असेल, तर दुसरा शोधा.

भेटीत महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेचा सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक विचारा. यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. मग विचारा : विक्रेत्याचं किंवा बिल्डरचं काम तुम्ही करता का? शोध स्वतः घेता की कारकुनाकडून? अहवालावर सही कोणाची असेल? नोंदणीच्या दिवशी कोण हजर राहील?

त्याहून बोलकं असतं ते वकील तुम्हाला काय विचारतो ते. मूळ करारनामा कुठे आहे, आधीचे किती मालक झाले, विक्रेता अनिवासी आहे का, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का, सोसायटीच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण (मालकी लेखी सुपूर्द करणं) झालं आहे का. यातलं काहीच न विचारता जो सरळ 'आधार-पॅन पाठवा, परवा रजिस्ट्रेशन करून टाकू' म्हणतो, त्याच्याकडून उठून यावं.

फीचा आकडा शहरागणिक बदलतो, त्यामुळे तो इथे देत नाही. फीत काय काय येतं ते मात्र लिहून घ्या : शोध आणि अहवाल, जाहीर नोटीस, करारनाम्याचा मसुदा व त्यातल्या दुरुस्त्या, नोंदणीची हजेरी, नंतर सोसायटीत नाव लावणं. शोधाची सरकारी फी आणि वर्तमानपत्राचा खर्च वेगळा असतो. एकरकमी फी स्वस्त वाटते, पण तिसऱ्या दुरुस्तीला 'जादा' सुरू होतं. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी शक्यतो स्वतःच ऑनलाइन चलनाने भरा. वकिलाला रोख देऊन 'तुम्हीच भरा' असं करू नका. नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभार धरून ६ टक्के, पुणे शहरात ७. घर फक्त स्त्रीच्या नावे असेल तर १ टक्का सवलत. यापेक्षा वेगळा आकडा सांगितला तर हिशोब मागा.

प्रश्न : वकिलाने दोन पानांचा शोध अहवाल दिला, शेवटी 'हक्क निर्वेध व विक्रीयोग्य' असं लिहिलं आहे. एवढ्यावर भरवसा ठेवावा का?

शेवटचं वाक्य सगळ्यात शेवटी वाचा. आधी बघा, शोध किती वर्षांचा आहे. ३० वर्षांचा असावा. गहाण मालमत्ता सोडवून घेण्याची मुदत ३० वर्षांची आहे, त्यावरून ही रीत पडली. सोबत सरकारी शोध फीची पावती आहे का आणि तिच्यावरची वर्षं अहवालाशी जुळतात का ते तपासा. पावती नसेल तर शोध संगणकावर पाच मिनिटांत झाला असण्याची शक्यता मोठी. ऑनलाइन नोंदी सगळीकडे ३० वर्षं मागे जात नाहीत. जुनी वर्षं कार्यालयातल्या पुस्तकांतूनच बघावी लागतात. त्यातली काही पुस्तकं फाटलेली असतात, आणि प्रामाणिक अहवालात 'अमुक वर्षांची पाने उपलब्ध नाहीत' असा शेरा असतो. असा शेरा दिसला तर घाबरू नका, उलट माणूस खरंच जाऊन आला आहे.

दुसरं, कार्यालयं किती पाहिली. पुण्यात हवेली क्रमांक १ पासून वीसहून अधिक कार्यालयं आहेत आणि दस्त त्यांतल्या कुठल्याही ठिकाणी नोंदलेला असू शकतो. एकाच कार्यालयाचा शोध म्हणजे एकाच खिशात हात घालून पैसे हरवले म्हणण्यासारखं.

तिसरं, मालकीची साखळी. बिल्डरला जमीन कशी मिळाली, पहिला करारनामा, मग प्रत्येक विक्रीचा दस्त क्रमांक व तारीख आणि सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा निबंधकाकडचा गोषवारा) अशी सगळी कडी जोडलेली हवी. मध्ये नुसतं कुलमुखत्यारपत्र असेल तर थांबा. नोंदणीकृत विक्रीखत न करता नुसत्या मुखत्यारपत्रावर झालेल्या 'विक्री'ने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलं आहे. मधला एखादा मूळ दस्त हरवला असेल तर पोलिसांतली नोंद, जाहीर नोटीस आणि निबंधक कार्यालयाची प्रमाणित प्रत, तिन्ही मागा.

चौथं, बोजा. मूळ कागद बँकेत ठेवून घेतलेलं कर्ज पूर्वी निबंधकाच्या पुस्तकात दिसायचंच नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा गहाणाची सूचना दाखल करावी लागते, पण जुन्या कर्जासाठी सरसाईच्या (बँकांकडच्या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या) नोंदी बघायला सांगा. विक्रेत्याच्या नावाने ई-कोर्ट्सवर (न्यायालयांच्या संकेतस्थळावर) दावा शोधायला तर पैसेही लागत नाहीत.

जाहीर नोटीस साधारण १४-१५ दिवसांची असते. ती मुदत संपायच्या आत नोंदणी उरकली तर नोटिशीचा खर्च पाण्यात गेला म्हणायचं.

प्रश्न : वडील वारले. नॉमिनी म्हणून फ्लॅट सोसायटीत आईच्या नावे झाला. आता विकायचा आहे. बहीण ऑस्ट्रेलियात असते. विकणाऱ्यालाही वकील लागतो का?

तुम्हाला तर घेणाऱ्यापेक्षा जास्त. सोसायटीने नाव लावलं म्हणून आई एकट्या मालक झाल्या नाहीत. नॉमिनी हा वारसांचा विश्वस्त. मृत्युपत्र नसेल तर तुम्ही आणि बहीणही हिस्सेदार आहात. जाणकार खरेदीदाराचा वकील हे पहिल्याच दिवशी काढेल आणि तुमचा सौदा दोन महिने लटकेल. त्याआधी एक मार्ग ठरवा : सगळ्यांनी मिळून विक्रीच्या करारावर सही करायची, किंवा तुम्ही दोघांनी आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यायचं.

बहीण येऊ शकत नसेल तर तिचं मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्या आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. मजकुरात याच फ्लॅटचा उल्लेख, विक्री करण्याचा, दस्तावर सही करण्याचा आणि तो नोंदणीसाठी सादर करण्याचा अधिकार स्पष्ट हवा. मसुदा तिला पाठवण्याआधी वकिलाकडून करून घ्या, नाहीतर तिची वकिलातीची दुसरी फेरी ठरलेली. बहीण अनिवासी असल्याने तिच्या हिश्शावरच्या करकपातीला नेहमीचा १ टक्क्याचा नियम (५० लाख किंवा अधिक किमतीला लागू होणारा) चालत नाही. दर बराच जास्त असतो. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून घेता येतो, पण त्याला वेळ लागतो, म्हणून सीएला आत्ताच गाठा.

फ्लॅटवर कर्ज असेल तर फेडल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत देणं बँकेवर बंधनकारक आहे, त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद घेताना यादीशी ताडून घ्या आणि बोजा उतरल्याचा दस्तही मागा. ट्रान्सफर फी महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये. त्यावर 'देणगी' मागितली तर लेखी मागायला सांगा, बहुधा तिथेच विषय संपतो. करारात ताब्याचं कलम असं लिहून घ्या की शेवटचा रुपया खात्यात जमा झाल्यावरच किल्ली. आणि सहीच्या तारखेपासून चार महिन्यांत दस्त नोंदवायचा असतो, तेव्हा बहिणीचे कागद हातात येईपर्यंत करारावर कोणाचीही सही होऊ देऊ नका.