तुझ्या कादंबरीतल्या त्या मुलाबद्दल

काय गं बाळ,

तू पाठवलेली सगळी प्रकरणं वाचून झाली. चांगलं ते आधी सांगते. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत, अक्षता पडायच्या वेळेला तो पोरगा गायब होतो आणि आजूबाजूला बघावं तिकडं पांढरी बाराबंदी घातलेली माणसं, त्यामुळे शेवटचं त्याला कोणाबरोबर पाहिलं हे कोणालाच धड सांगता येत नाही, हे लई भारी जमलंय. सोलापूर सोडून ही गोष्ट दुसरीकडं घडूच शकत नाही. पुढं होम मैदानावर शोभेचं दारूकाम चालू असताना नायिकेच्या मैत्रिणीला त्याचा बंद पडलेला मोबाईल सापडतो, ते पण तसंच ठेव, एक ओळ सुद्धा बदलू नकोस.

आता जे खटकलं ते. तो पोरगा पहिल्या प्रकरणातच नायिकेचा हात पिरगाळतो, शिव्या देतो, डोळे लाल करून बघतो. वाचणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला लगेच कळतं की हा वाईट, आणि मग तिला नायिकेचाच राग यायला लागतो, हिला एवढं पण कळत नाही का म्हणून. त्याहून मोठा घोटाळा असा की वाचणारी जर स्वतःच अशा कुणाबरोबर असेल तर ती पुस्तक मिटून म्हणेल, माझा तर असा नाही, माझा तर रोज क्लासवरनं घरापर्यंत सोडायला येतो, मी जेवले का नाही ते विचारतो. म्हणजे जिच्यासाठी तू लिहितेस तीच हातातून गेली.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे, बाकी सगळं त्याच्याच मागं येतं. या गोष्टीत रहस्याचा धागा आणि त्याच्या वागण्यातली धोक्याची खूण ही एकच गोष्ट असायला पाहिजे. पहिल्यांदा वाचताना ते प्रेम वाटलं पाहिजे आणि शेवट कळल्यावर परत पहिल्या पानावर आलं की तीच वाक्यं वाचून अंगावर काटा आला पाहिजे.

उदाहरण देते. वाढदिवसाला तो तिला नवा फोन देतो, सेटिंग पण स्वतःच करून देतो, नवी पेठेतल्या कॅफेत बसून, किती हौशीनं. वाचणारीला पण तो आवडू दे तिथं, खरंच आवडू दे. मग ती सात रस्ता चौकात मैत्रिणीबरोबर असते आणि हा अचानक समोर, 'म्हटलं तुला सरप्राईज द्यावं.' नंतर ती विजापूर रोडला मावशीकडं, तिथं पण हा. तिला वाटतं किती जीव लावतो. पाचव्या प्रकरणात तिच्या मैत्रिणीला त्या फोनमधलं लोकेशन शेअरिंग दिसतं, पहिल्या दिवसापासून चालू असलेलं, आणि एकदम सगळी सरप्राईजं वेगळी दिसायला लागतात. इथं शोध पण पुढं सरकला आणि नात्याचा खरा चेहरा पण उघडा पडला. वेगळं भाषण लागलंच नाही.

तसंच पाण्याचं. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं कोणीतरी थांबतंच. हे त्याला पाठ आहे. तिच्या गल्लीत पाणी कधी, आई विड्या वळायची पानं आणि तंबाखू आणायला कारखान्यात कधी जाते, वडिलांची यंत्रमागावरची पाळी कुठली. तू हे सगळं वर्णन म्हणून लिहिलंयस, वातावरण म्हणून. त्यालाच कामाला लाव की! ती पोलिसांना सांगते, 'त्या संध्याकाळी पाणी आलं होतं म्हणून मी घरीच होते,' आणि शेजारची काकू सहज बोलून जाते की पाणी तर आदल्या दिवशी येऊन गेलं होतं. ती खोटं बोलली हे कळलं. पण का बोलली? पुढची शंभर पानं त्या 'का'वर चालतील.

आणि त्या 'का'चं उत्तर तुझ्याकडं सध्या कच्चं आहे. तू लिहिलंयस की ती घाबरली होती. कशाला? माराला घाबरणं हे अर्धं झालं. आपल्या पूर्व भागातली पोरगी आधी कशाला घाबरते तर घरी कळलं की कॉलेज बंद, आणि वर्षभरात लग्न. आणि आपल्या गल्लीत तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी, चारी भाषांत बातमी फिरायला पाच मिनिटं पुरतात. त्या पोराला हे पक्कं ठाऊक आहे. त्याला हात उचलायची गरजच पडत नाही, तो नुसतं म्हणतो, 'तुझ्या पप्पांना फोटो दाखवू का?' तिचं गुपित हेच त्याचं हत्यार. तिच्या घरच्यांचा राग तो फुकटात वापरतोय. हे लिहिशील तेव्हा आई-वडिलांना राक्षस करू नकोस, ती कष्टाची माणसं आहेत आणि त्यांना पण भीतीच आहे, पण त्यांच्या धाकामुळेच पोरगी त्याच्या मुठीत राहिली हे वाचणाऱ्या एखाद्या आईला सुद्धा कळू दे.

शाळेतल्या बाईंचा प्रसंग मात्र परत लिहायला लागेल. नायिका सतराची आहे, आणि त्याने जबरदस्ती केली हे ती बाईंना सांगते, बाई म्हणतात मी कोणाला सांगणार नाही, आणि तू तो प्रेमळ शेवट म्हणून ठेवलायस. तसं होत नाही गं. अठराच्या खाली असलं की पोक्सो लागू होतो, लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा, आणि त्यात ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच असतं, नाही कळवलं तर तो गुन्हा. म्हणजे बाईंनी शब्द दिला तर त्यांना तो मोडावाच लागणार. त्यापेक्षा बाई आधीच सांगू देत की बघ, मला हे कळवावं लागेल, पण प्रत्येक पायरीला मी तुझ्याबरोबर येईन. यात केवढं नाट्य आहे बघ! ती उठून निघून जाईल का बसेल, वाचणारीचा श्वास अडकला पाहिजे तिथं.

वकील काकांच्या तोंडी २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा घातलायस तो काढ. तो एका घरात राहणाऱ्या किंवा राहिलेल्या माणसांसाठी आहे, लग्न नसलं तरी चालतं पण एकत्र राहणं लागतं, आणि ही दोघं तसं राहिलेली नाहीत. पाठलाग करणं, फोन-इंटरनेटवर नजर ठेवणं हा वेगळा गुन्हा आहे. तुझी गोष्ट १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर आयपीसीचं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं ३५४ड, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं ७८. गोष्टीचं वर्ष ठरव, मग कलम टाक. असल्या चुका काढणारे वाचक सोलापुरात भरपूर आहेत.

अजून एक, शेवटाकडं जी मारामारी आहे ती चुकीच्या जागी आहे असं मला वाटतं. अशा नात्यात सगळ्यात जास्त धोका असतो तो तिनं सोडायचं ठरवल्यावर, त्याला कळलं की ही आता हातातून चालली, तेव्हा. म्हणून थरार तिथं आण. हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट काढलंय, पुण्याला ॲडमिशन झालंय, फक्त आजची रात्र काढायचीय. आणि तिला सोडवायला दुसरा हिरो नको, पोलीसवाला मामा तर नकोच नको. ती, मैत्रीण आणि बाई, तिघी पुरेत.

संवाद मात्र जरा मोकळे कर. 'तू काय करत आहेस' असं आपल्यात कोण बोलतं? 'काय करलालीस' असंच लिही. तो पोरगा गोड बोलताना पुस्तकी मराठी आणि चिडला की एकदम 'बे'वर येतो, असं केलंस तर वाचणारीला त्याचा मूड नुसता भाषेवरून कळेल.

आता जे मनात आहे ते. तुझं तिसरं प्रकरण वाचताना मला थांबावं लागलं. तो रागावल्यावर ती त्याच्या स्टेटसचा रंग बघून दिवस कसा जाणार ते ओळखते, हे कल्पनेनं सुचत नाही. तुझं आहे का तुझ्या मैत्रिणीचं ते मी विचारणार नाही. मैत्रिणीचं असेल तर लिहिण्याआधी तिला विचार, आणि ती हो म्हणाली तरी कॉलेज बदल, गल्ली बदल, त्या पोराची गाडी बदल, कारण आपलं गाव माणूस ओळखायला वेळ लावत नाही आणि पुस्तक त्या पोराच्या हातात पण पडू शकतं. तुझं असेल तर कादंबरी थांबू दे की सहा महिने, काही बिघडत नाही. रात्री कितीही वाजता फोन कर, मी उचलते, आणि काय करायचं ते तूच ठरवशील, मी तुझ्या घरी परस्पर काही बोलणार नाही. अठराची झालीयस म्हणून हा शब्द मी देऊ शकते.

फोटोंचं काही असेल तर डिलीट करायची घाई करू नकोस, स्क्रीनशॉट ठेव, पुरावा तोच असतो. १९३० ला सायबरची तक्रार होते, १८१ महिलांसाठी, लहान वयाच्या पोरींसाठी १०९८, एकदम अंगावर आलं तर ११२. हे चारही नंबर पुस्तकाच्या शेवटी न टाकता मध्येच टाक, जिथं मैत्रीण ते तिच्या वहीत मागच्या पानावर गणिताच्या उत्तरासारखे लिहून देते तिथं. शेवटचं पान सगळेच वाचत नाहीत.

पहिलं प्रकरण परत लिहून पाठव, हात पिरगाळणं काढून. वाढदिवसाच्या फोनचा प्रसंग आधी लिही, बाकीचं नंतर बघू.

तुझी,
ताई