फार्म डीला पब्लिक स्पीकिंग लागतं का, आणि लागलं तर कुठलं घ्यायचं

ताई, तुमची पोस्ट कालच वाचली, पण फार्मसीतल्या ड्युटीवरून आल्यावर टाइप करायचं त्राण नव्हतं म्हणून आज सविस्तर लिहितेय. मुलगी ह्यूस्टनला कम्युनिटी कॉलेजात प्री-फार्मसी (म्हणजे फार्मासिस्ट व्हायला लागणाऱ्या फार्म डी पदवीच्या आधीचा अभ्यास) करतेय, ॲडव्हायजरने पब्लिक स्पीकिंग घ्यायला सांगितलंय, तिला स्टेज म्हटलं की घाम फुटतो, तर त्याऐवजी इंटरपर्सनल (दोघा-चौघांतल्या संवादाचा कोर्स) किंवा ऑनलाइन चालेल का आणि हायस्कूलची डिबेट धरतील का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय पुण्याहून बी.फार्म झालेल्या भाच्याला यातलं काय लागू होतं हाही प्रश्न आहे, तो शेवटी घेते.

पहिलं म्हणजे, सगळ्या अमेरिकेला लागू होईल असा एकच नियम नाहीये. प्रत्येक फार्मसी स्कूल स्वतःची प्रीरेक्विझिटची, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण करायच्या कोर्सेसची यादी ठरवतं, काही ठिकाणी स्पष्ट "पब्लिक स्पीकिंग" लिहिलेलं असतं, काही नुसतं "स्पीच" किंवा "कम्युनिकेशन" म्हणतात, काही ठिकाणी त्याचा उल्लेखच नसतो. रटगर्ससारखे बारावीनंतर थेट सहा वर्षांचे प्रोग्रॅम आहेत तिथे हा गुंता बराच कमी, कारण सुरुवातीची दोन वर्षंही तिथेच होतात. आणि गेल्या दहा-बारा वर्षांत फार्मसीला येणारे अर्ज खूप घटलेत, त्यामुळे बऱ्याच स्कूल्सनी अटी सैल केल्यात, आधीची बॅचलर्स असेल तर इतिहास-इंग्लिश-स्पीच वगैरे जनरल एज्युकेशन माफ करणारीही आहेत. पीकॅट ही फार्मसीची प्रवेश परीक्षा तर जानेवारी २०२४ नंतर बंदच झाली. म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वी कुणीतरी व्हॉट्सॲपवर फिरवलेली यादी धरून चालू नका. फार्मकॅस, म्हणजे ज्या साइटवरून बहुतेक फार्मसी स्कूल्सना एकत्र अर्ज करतात, तिच्या डिरेक्टरीत प्रत्येक स्कूलचं पान असतं तिथे बघा आणि मग त्या स्कूलच्या स्वतःच्या साइटवर पण बघा, दोन्हीकडे वेगळं दिसलं तर ॲडमिशन ऑफिसला ईमेल टाका. फोन नको, ईमेलच, म्हणजे उत्तर लेखी हातात राहतं.

आता कुठला कोर्स. टेक्सासात कोर्स नंबर सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत सारखे असल्यामुळे आपलं काम सोपं आहे. एसपीसीएच (स्पीच) १३१५ म्हणजे पब्लिक स्पीकिंग, १३११ म्हणजे इंट्रोडक्शन टू स्पीच, १३१८ म्हणजे इंटरपर्सनल, १३२१ म्हणजे बिझनेस अँड प्रोफेशनल. सगळे तीन क्रेडिटचे. माझं स्पष्ट मत, १३१५ घेऊन टाकायचा आणि विषय संपवायचा. जिथे "स्पीच" किंवा "कम्युनिकेशन" मागितलंय तिथे १३१५ चालण्याची शक्यता सगळ्यात जास्त, उलट जिथे "पब्लिक स्पीकिंग"च मागितलंय तिथे इंटरपर्सनलवाला अडकतो आणि मग ऐनवेळी पिटिशन करत बसा, सिलॅबस पाठवा, उत्तराची वाट बघा. पोरगी सहा-सात ठिकाणी अर्ज करणार, तर सगळ्यात कडक अट असलेल्या स्कूलच्या हिशोबाने कोर्स निवडायचा.

ऑनलाइनचं म्हणाल तर ट्रान्स्क्रिप्टवर बहुतेक वेळा ऑनलाइन की वर्गातला हे दिसत नाही, पण काही स्कूल्स स्पीचसाठी वर्गातलाच हवा म्हणतात, तेव्हा तेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या. आणि ऑनलाइन घेतला म्हणजे स्टेज टळलं असं मात्र तिने समजू नये. बऱ्याच कॉलेजांत ऑनलाइन स्पीचला पण समोर पाच-सहा मोठी माणसं बसवून, ती कॅमेऱ्यात दिसतील असं रेकॉर्डिंग करावं लागतं, मध्ये कट नाही, एडिट नाही. म्हणजे शेवटी तुम्ही, अहो आणि शेजारचे काका-काकू सोफ्यावर ओळीने बसणार. त्यापेक्षा वर्गात पंचवीस घाबरलेल्या पोरांमध्ये आपणही घाबरलेलं असणं बरं!

हायस्कूलची डिबेट, टोस्टमास्टर्स (भाषणाचा सराव करायचा क्लब), महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत केलेलं निवेदन, हे सगळं अर्जात ॲक्टिव्हिटीजमध्ये जरूर लिहावं, पण क्रेडिट त्याचं मिळत नाही. एपीमध्ये, म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजचं क्रेडिट मिळवून देणाऱ्या परीक्षांमध्ये, पब्लिक स्पीकिंगची परीक्षाच नाहीये. हां, हायस्कूलमध्ये असताना ड्युअल क्रेडिटमधून कॉलेजचा स्पीच केलेला असेल तर तो धरतात, फक्त ज्या कॉलेजने तो दिला तिथलं ट्रान्स्क्रिप्ट फार्मकॅसला वेगळं पाठवावं लागतं, हे बरीच मुलं विसरतात आणि अर्ज तसाच पडून राहतो. ग्रेड साधारणपणे सी किंवा वर लागते, सी मायनस बहुतेक ठिकाणी चालत नाही. पास-फेल घेऊ नका. आणि कोर्स रिपीट केला तरी फार्मकॅस जीपीए काढताना दोन्ही ग्रेड धरतं, कॉलेजने जुनी पुसली असली तरीही, त्यामुळे "बघू, नाही जमलं तर परत घेऊ" हा विचार नको.

आता तिच्या भीतीबद्दल, कारण मला वाटतं खरा प्रश्न तोच आहे. आपल्याकडच्या मुलांना, आणि आपल्यालाही, भाषण म्हटलं की शाळेतली वक्तृत्व स्पर्धा आठवते, बाबांनी लिहून दिलेलं पाठ करायचं, "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग" पासून हातवाऱ्यांसकट म्हणायचं आणि मध्ये एक ओळ विसरली की सगळंच गेलं. इथल्या कोर्समध्ये पाठ केलेलं भाषण उलट मार्क घालवतं. आउटलाइन लिहायची, हातात छोटी कार्डं ठेवायची, त्यावर फक्त मुद्दे, आणि बोलायचं समोरच्याकडे बघून. साधारण तीन-चार भाषणं असतात, स्वतःची ओळख, मग माहिती देणारं, मग पटवून देणारं, आणि संदर्भ कुठून घेतला ते बोलताना तोंडी सांगावं लागतं. बोलण्याइतकीच ग्रेड आउटलाइनला, वेळ पाळण्याला आणि दुसऱ्यांच्या भाषणावर अभिप्राय देण्याला असते, त्यामुळे घाबरट पण नीटनेटकं काम करणाऱ्या मुलांना ए मिळताना मी पाहिलंय. भीती असेल तर पहिल्याच आठवड्यात प्रोफेसरला जाऊन सांगावं. त्यांना यात नवीन काही नसतं, दर सेमिस्टरला अर्धा वर्ग तसाच असतो.

फार्मसीवाले हे मागतात तरी का, गोळ्याच तर मोजायच्या असतात ना, असं माझ्या सासूबाई अजून म्हणतात. तर १९९० साली इथे ओब्रा नाइंटी नावाचा कायदा झाला, त्यात मेडिकेडच्या (कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या) पेशंटला औषध देताना समजावून सांगायची तयारी फार्मासिस्टने दाखवलीच पाहिजे अशी अट आली, १९९३ पासून ती लागू झाली आणि बहुतेक राज्यांनी ती सगळ्याच पेशंटना लावली. म्हणजे बोलणं हा या कामातला कायदेशीर भाग आहे.

एक उदाहरण देते. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट देतात, ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. रोटेशनला, म्हणजे प्रत्यक्ष काम शिकायला आमच्याकडे आलेली हुशार मुलं पेशंटसमोर उभी राहून औषध कसं काम करतं, लिव्हरचं काय, सगळं एका दमात म्हणून दाखवतात, पेशंट मान हलवतो, संपलं. मी मग विचारते, "काका, घरी गेल्यावर हे कधी घ्याल?" आणि काका म्हणतात, "सकाळी, बाकीच्या गोळ्यांबरोबर." तिथे थांबून, कुठला वार ते त्यांच्याकडूनच वदवून घेऊन, बाटलीवर तो वार लिहून, परत एकदा त्यांच्याच तोंडून ऐकायचं. इंडियन हेल्थ सर्व्हिसने (ही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसाठीची सरकारी आरोग्यसेवा, भारताची नव्हे) यासाठी तीन प्रश्न फार पूर्वी बसवून दिलेत आणि अजून सगळीकडे शिकवतात: हे औषध कशासाठी आहे म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, कसं घ्यायला सांगितलं, आणि घेतल्यावर काय होईल म्हणाले. समोरच्याला कळलंय की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखून तिथल्या तिथे वाक्य बदलायची सवय स्पीचच्या वर्गात थोडी तरी लागते.

शिवाय कोर्स कसाबसा टाळला तरी पुढे सुटका नाहीच. ॲडमिशनच्या इंटरव्ह्यूला हल्ली बऱ्याच ठिकाणी एमएमआय असतो, एकेका टेबलावर एक प्रसंग, थोडा वेळ विचार करायला आणि मग बोलायचं. आत गेल्यावर ऑस्की, म्हणजे खोटा पेशंट समोर बसवून परीक्षा, जर्नल क्लब, म्हणजे एखादा शोधनिबंध वर्गासमोर मांडणं, केस प्रेझेंटेशन. फार्म डीनंतरची रेसिडेन्सी (हॉस्पिटलातलं वगैरे पुढचं प्रशिक्षण) हवी असेल तर अजूनच.

कधी घ्यायचा? ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा दुसरा भाग ज्या सेमिस्टरला आहे तिथे कोंबू नका. उन्हाळ्यात पाच आठवड्यांचाही मिळतो, पण घाबरणाऱ्या मुलीला दर आठवड्याला भाषण नकोसं होईल, तिने पूर्ण सेमिस्टरचाच घ्यावा. फार्मकॅस उन्हाळ्यात उघडतं, तोवर कोर्स पूर्ण झालेलाच हवा असं नाही, "प्लॅन्ड" म्हणून दाखवता येतो, पण फार्मसीचे वर्ग सुरू व्हायच्या आधी तो संपलेला असावा लागतो.

भाच्याचं वेगळं आहे. २००३ नंतर पदवी घेतलेल्यांना एफपीजीईईला (परदेशात फार्मसी शिकलेल्यांची इथली परीक्षा) बसायला पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो आणि आपला बी.फार्म चार वर्षांचा, त्यामुळे लायसन्ससाठी त्याला इथे फार्म डी करणं हाच सरळ रस्ता. त्याच्या बी.फार्मच्या पहिल्या सेमिस्टरला कम्युनिकेशन स्किल्स होतं, कोर्स कोड बीपी १०५टी, आणि त्याचं प्रॅक्टिकलही. काही स्कूल ते स्पीच म्हणून धरू शकतात, त्यासाठी कोर्सवार क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन (भारतातल्या मार्कांचं इथल्या पद्धतीने मूल्यांकन) आणि कॉलेजकडून शिक्का मारलेला सिलॅबस त्याने आत्ताच मागवून ठेवावा, इकडे आल्यावर ते कागद मिळवणं म्हणजे डोक्याला ताप. नाहीच धरलं तर एखाद्या कम्युनिटी कॉलेजात १३१५, तीन क्रेडिटचा तर मामला आहे, फक्त व्हिसावर असेल तर आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारून.

मुलीच्या यादीत कुठल्या स्कूल आहेत ते इथे टाका, मी जमेल तसं बघून सांगते.