बांज ओळखायचा तर पान उलटून बघा

उत्तराखंडात पहिल्यांदाच झाडं बघायला जाताय, तर सुरुवात बांजपासून करा. हिमालयातला हा अस्सल देशी ओक. साधारण १२०० ते २४०० मीटर उंचीवर, बहुतेकदा बुरांशच्या (लाल फुलांच्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या) सोबतीने भेटतो. पानाच्या कातरलेल्या कडांवर विसंबू नका, पान उलटा. वरून गर्द हिरवं आणि खालून पांढुरक्या लवेचं असेल, तर तो बांज. वारा सुटला की सगळं झाड रुपेरी दिसतं; ते दृश्य मला अजूनही थांबवतं. मोरू आणि खरसू हे हिमालयातलेच दुसरे ओक. मोरूच्या पानाला खाली अशी पांढरी लव नसते, आणि खरसूच्या पानामागे तपकिरी लव असते, शिवाय तो बराच वर वाढतो.

झाड सदाहरित आहे. वसंतात जुनी पानं गळतात तोच गुलाबी-जांभळट पालवी येते. तिला पाहून दुसरीच जात समजू नका. फळ मात्र सावकाश, वर्षाहून अधिक काळ घेऊन पिकतं.

खाली पडलेली फळं आणून रुजवायची असतील तर वाळवून ठेवू नका. सुकली की ती रुजत नाहीत. भोक पडलेली बाजूला काढा, उरलेली लगेच ओलसर मातीत लावा.